एमटीएस फाइल आणि आजोबांचं अर्धं वाक्य

आमच्या घरात एक वाद बरीच वर्षं चालू होता. २०१० साली मिरजेला आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. घरच्याच अंगणात मांडव, साठेक माणसं. जेवणं झाल्यावर आजोबा बोलायला उभे राहिले आणि चांगले पाऊण तास बोलले. न्यू जर्सीहून आलेल्या आत्याच्या मिस्टरांनी (आम्ही त्यांनाही काकाच म्हणतो) नवाकोरा एचडी कॅमकॉर्डर आणला होता, तो तिपाईवर लावून चालू ठेवला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. कॅमेऱ्याची वायर कुणाच्या पायात येऊ नये हे बघणं एवढंच माझ्याकडे काम.

नंतर एका स्टुडिओतून त्याची डीव्हीडी करून घेतली. आणि नेहमी होतं तेच झालं, ती कपाटात गेली. आजोबा २०१३ साली गेले, त्यानंतर ती पहिल्यांदा नीट बघितली. त्यात एके ठिकाणी ते म्हणतात, "मॅट्रिकच्या परीक्षेची माझी फी कुणी भरली माहितीये का? ती भरली", मग चित्र एक हिसका खातं, "यांनी. आणि परत आयुष्यात त्याचा उच्चार केला नाही." मधलं नाव गायब!

बाबांचं म्हणणं, शाळेचे हेडमास्तर. आत्याचं म्हणणं, आजोबांचे मामा. समोर बसलेल्या साठ माणसांपैकी एकालाही आठवत नाही. श्रीखंड-पुरी पोटात गेल्यावर कोण ऐकतंय म्हणा.

मागच्या दिवाळीला आत्या आली तेव्हा तिने एक जुनी हार्ड डिस्क आणली. त्यात कॅमेऱ्यातलं मूळ फोल्डर जसंच्या तसं होतं. आत बीडीएमव्ही, त्याच्या आत स्ट्रीम, आणि त्यात एमटीएस नावाच्या फायलींची रांग. मी घरी लिनक्स वापरतो, म्हटलं बघू या. त्या नादात दोन शनिवार-रविवार गेले आणि ह्या फायलींचा सगळा इतिहास वाचून काढला. तो इतका मजेदार निघाला की आजचा लेख त्यावरच.

पहिला प्रश्न कुणीही विचारेल: फाइल चालते ना? मग बदलायची कशाला? बघायला चालते, आज तर फोनवरही चालते. गोची आहे ती एडिटिंगची. आणि ती समजायला थोडं मागे, टेपच्या काळात जावं लागतं.

१९९५ साली डीव्ही नावाचा फॉरमॅट आला. छोटीशी मिनीडीव्ही कॅसेट, त्यावर सेकंदाला २५ मेगाबिट ह्या वेगाने चित्र. एक तासाला साधारण १३ जीबी. त्याची सगळ्यात छान गोष्ट म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक फ्रेम बरोब्बर १,४४,००० बाइटची, ना एक कमी ना एक जास्त. म्हणजे हजारावी फ्रेम हवी असेल तर साधा गुणाकार करायचा आणि फाइलमध्ये तिथे उडी मारायची. कापायचं तर बाइट मोजून कापा. प्रोग्रामरच्या दृष्टीने स्वर्गच की!

लिनक्सवर हे काम फार लवकर जमलं त्याचं कारण हेच. फायरवायरची केबल लावायची, डीव्हीग्रॅब नावाच्या प्रोग्रामने टेप डिस्कवर उतरवायची आणि किनो नावाच्या एडिटरमध्ये कापायची. दोन्ही आर्ने शिर्माखर आणि डॅन डेनेडी ह्यांच्या हातचे. (डेनेडी हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) किनो काही फार देखणा नव्हता, पण जुन्या पेंटियमवर पळायचा. ज्यांना जास्त हवं असे ते सिनेलेराकडे वळत. सिनेलेराचा पूर्वज ब्रॉडकास्ट २००० हा प्रोग्राम त्याच्या कर्त्यांनी २००१ साली चक्क मागे घेतला, का तर विनाहमी दिलेल्या सॉफ्टवेअरवरून कुणी कोर्टात खेचेल ही भीती. २००२ साली सिनेलेरा म्हणून तोच पुन्हा अवतरला. असो.

२००३ साली दोन गोष्टी घडल्या. एक, एचडीव्ही. टेप तीच मिनीडीव्ही, वेग तोच २५ मेगाबिट, पण चित्र १४४० बाय १०८०. एवढं मोठं चित्र तेवढ्याच जागेत बसवायचं तर कुठेतरी काटकसर हवी. म्हणून प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवायचं सोडून एमपेग-२ पद्धत घेतली: अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेम म्हणजे नुसती "आधीच्यापेक्षा हे हे बदललं" अशी टिपणं. दुसरी गोष्ट, त्याच वर्षी मे महिन्यात एच.२६४ हे मानक मंजूर झालं. त्यात ही टिपणं काढायची कला कळसाला पोचली. फ्रेमने मागच्याही फ्रेमकडे बघायचं, पुढच्याही, एकीकडे नाही तर अनेकींकडे.

मग मे २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून एव्हीसीएचडी जाहीर केलं. टेप गेली. चित्र एच.२६४ मध्ये, आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ मध्ये, आणि सगळं डीव्हीडीवर, हार्ड डिस्कवर नाहीतर मेमरी कार्डवर. आमच्या काकांच्या कॅमेऱ्याचंच उदाहरण घ्या. १९२० बाय १०८० चं चित्र कच्चं साठवलं तर सेकंदाला सुमारे ९३ मेगाबाइट. कॅमेरा लिहितो फक्त दोनच्या आसपास! पंचेचाळीस पट दाबलेलं, आणि तेही हातात मावणाऱ्या बॅटरीवरच्या डब्यात. खरं सांगायचं तर ही करामतच होती.

पण ह्या करामतीचं बिल एडिटिंग करणाऱ्याच्या नावावर फाडलं गेलं. टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी क्लिक केलं की प्रोग्रामने आधी मागची पूर्ण फ्रेम शोधायची, तिथपासून सगळी टिपणं सोडवत यायचं, काही टिपणं पुढच्या फ्रेमवर अवलंबून म्हणून तीही सोडवायची, आणि मग कुठे तुम्हाला हवी ती एक फ्रेम दिसणार. कीर्तनात मधलाच अभंग हवा म्हणून बुवांना पूर्वरंगापासून सुरू करायला लावण्यासारखं. तेव्हाचा ड्युअल कोअर लॅपटॉप नुसतं सरळ चालवतानाच धापा टाकायचा, मागे-पुढे करणं तर सोडाच.

लिनक्सवर तर ह्याच्याही आधीची अडचण. फाइल उघडणारच कशी?

इथे एफएफएमपेगची गोष्ट येते. २००० साली फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसाने हा प्रकल्प सुरू केला, तोही गेरार लाँतो ह्या टोपणनावाने. (क्यूएमू ज्याने लिहिलं तोच हा माणूस. काही लोक दिवसाचे तास आपल्यापेक्षा जास्त घेऊन येतात :)) पुढे मिखाएल नीडरमायरने तो बरीच वर्षं सांभाळला. एच.२६४ चा डिकोडर त्याने २००३ मध्येच लिहायला घेतला, म्हणजे मानकाची शाई वाळते न वाळते तोच. पण मानक अवाढव्य. कॅमकॉर्डर जे चित्र घेत ते इंटरलेस्ड, म्हणजे आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. ते एच.२६४ मध्ये भरायचे एकाहून जास्त प्रकार, आणि बरेच कॅमेरे त्यातला पॅफ नावाचा प्रकार वापरत. तो एफएफएमपेगला २००७ च्या सुमाराला समजायला लागला. त्याआधी एमटीएस फाइल दिली तर पडद्यावर हिरवे-राखाडी चौकोन. मानक बनवणाऱ्यांनी नमुन्यादाखल लिहिलेला डिकोडर वापरून बघायचा एक मार्ग होता, पण तो बरोबर चालावा म्हणून लिहिलेला, वेगात चालावा म्हणून नव्हे.

मार्च २००९ मध्ये एफएफएमपेगची ०.५ आवृत्ती आली, तोवर चित्र बरंच सुधारलं होतं. फाइल उघडत होती. आता रूपांतर.

रूपांतराची कल्पना साधी. दाबलेली फाइल एकदाच उलगडायची आणि परत अशा स्वरूपात लिहायची की प्रत्येक फ्रेम पुन्हा स्वतंत्र होईल, जशी डीव्हीमध्ये होती. जागा भरपूर लागेल, पण प्रोसेसर मोकळा श्वास घेईल. व्यावसायिक जगात हे आधीपासून चालू होतं: अ‍ॅव्हिडने २००४ मध्ये डीएनएक्सएचडी काढलं, अ‍ॅपलने २००७ मध्ये प्रोरेझ. मॅकवाल्यांना फायनल कटने विचारायचं, "रूपांतर करू का?", आणि ते करून टाकायचं. लिनक्सवाल्यांना ते हाताने, टर्मिनलमध्ये.

डीएनएक्सएचडी लिहायची सोय एफएफएमपेगमध्ये लवकर आली, पण तो फॉरमॅट भलताच सोवळ्यातला. ठरावीक चित्राचा आकार, ठरावीक फ्रेमचा वेग आणि त्यासाठी ठरावीकच बिटरेट, एक आकडा इकडचा तिकडे झाला की प्रोग्राम थेट नकार देतो. काकांच्या कॅमेऱ्यासारख्या अमेरिकी फूटेजला १४५ मेगाबिट चालतं, १४४ नाही. तासाला होतात ६५ जीबी, जिथे मूळ फाइल पावणेआठ जीबीची. म्हणून बरेच लोक मोशन जेपेग वापरत, म्हणजे प्रत्येक फ्रेम एक जेपेग फोटो, बस्स. गावठी पण भरवशाचं. काही जण हफवाययूव्हीसारखे काहीच न गमावणारे कोडेक वापरत आणि मग डिस्क विकत घ्यायला जात.

इंटरलेसचं शुक्लकाष्ठ वेगळंच. संगणकावर बघताना हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ना, ते ह्याचेच. त्यावर नीडरमायरनेच यादिफ नावाचा फिल्टर लिहिला. नावाचा अर्थ "आणखी एक डीइंटरलेसिंग फिल्टर". नाव इतकं नम्र, आणि आजही तो रोज वापरला जातो.

आता भारताचा संबंध, जो मला स्वतःला माहीत नव्हता. लिनक्सवरचे केडेनलाइव्ह, शॉटकट हे जे एडिटर आज लोक वापरतात, त्यांच्या पोटात एमएलटी नावाचं एकच इंजिन आहे. त्याच्या सोर्सकोडच्या जुन्या आवृत्तीतल्या फायली उघडल्या तर वरती मालकीहक्काच्या ओळीत नाव दिसतं उषोदय एंटरप्रायझेस. हैदराबादची कंपनी, रामोजी राव ह्यांच्या ईनाडू समूहातली! २००३-०४ मध्ये त्यांच्या टीव्हीच्या कामासाठी चार्ल्स येट्स आणि मघाच्या त्याच डॅन डेनेडीने हे इंजिन लिहिलं आणि ते मुक्त परवान्याखाली खुलं झालं. ईटीव्ही मराठी बघत मोठं झालेल्या माझ्यासारख्याला ती ओळ बघून जाम गंमत वाटली. २००८ च्या नोव्हेंबरात केडेनलाइव्ह ०.७ हे जवळजवळ नव्याने लिहून आलं ते एमएलटीवरच, आणि एमटीएस फायली सरळ टाइमलाइनवर टाकायची हिंमत लिनक्सवाल्यांना तिथून आली.

२०११ हे वर्ष ह्या सगळ्यात जरा जास्तच गजबजलेलं. एच.२६४ उलगडायचं काम वेगवेगळ्या फ्रेम वेगवेगळ्या कोअरना वाटून करायची सोय एफएफएमपेगच्या मुख्य शाखेत आली, त्यामुळे चार कोअरच्या मशीनला चार कोअर असल्याचं सार्थक झालं. केडेनलाइव्हमध्ये प्रॉक्सी आल्या, म्हणजे एडिटिंग करताना छोटी हलकी नक्कल वापरायची आणि शेवटी मूळ फाइलवरून अंतिम चित्र बनवायचं. आणि ह्याच वर्षी एफएफएमपेगमध्ये भाऊबंदकी झाली. कारभार कसा चालावा ह्यावरून काही प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी लिबएव्ही म्हणून वेगळी चूल मांडली. डेबियन आणि उबुंटूने लिबएव्हीची बाजू घेतली. त्यामुळे झालं असं की उबुंटूवर जुनी एफएफएमपेगची आज्ञा दिली की हा प्रोग्राम आता कालबाह्य, दुसरा वापरा अशी सूचना यायची. एफएफएमपेग तिकडे जिवंत आणि ठणठणीत! वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या रूपांतराच्या ओळी लोकांना परत तपासाव्या लागल्या. २०१५ मध्ये डेबियन एफएफएमपेगकडे परतलं, त्याच वर्षी नीडरमायर नेतेपदावरून बाजूला झाला. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असणार, पण माझ्या मते चार वर्षं भुर्दंड भरला तो वापरणाऱ्यांनी.

पेटंटचं लफडंही ह्या सगळ्याला पुरून उरलेलं. एच.२६४ वर ढिगाने पेटंट, त्यामुळे अनेक लिनक्स वितरणं हे कोडेक थेट देत नसत. उबुंटूवाल्यांसाठी मेडिबुंटू नावाचं वेगळं भांडार होतं ते २०१३ मध्ये बंद झालं, फेडोरावाल्यांसाठी २००८ पासून आरपीएम फ्यूजन. फेडोराने २०२२ मध्ये सुद्धा ग्राफिक्स कार्डाने एच.२६४ उलगडायची सोय ह्याच कारणाने काढून घेतली. आणि २०१७ मध्ये डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर आली तेव्हा लोक हरखले, पण एच.२६४ ची फाइल ती उघडेचना. परत रूपांतर! मानक मंजूर होऊन चौदा वर्षं झाली होती.

तर आता आजोबा.

आत्याच्या डिस्कवर भाषणाच्या तीन फायली होत्या, पहिल्या दोन साधारण २ जीबीच्या, तिसरी लहान. कॅमेऱ्याचं कार्ड फॅट पद्धतीचं. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, म्हणून कॅमेरा लांब चित्रीकरण आपणहून तोडतो, आमचा २ जीबीला तोडत होता. म्हणजे दर पंधरा-सोळा मिनिटांनी. तोडतो म्हणजे कसा? अगदी निर्दयपणे. एमटीएस हा १९२ बाइटच्या पाकिटांचा अखंड प्रवाह असतो, त्यात चित्र आणि आवाज आलटून पालटून. कोटा संपला की पुढचं पाकीट पुढच्या फाइलमध्ये, मग ते वाक्याच्या मध्ये असो की शब्दाच्या. चित्र आणि त्याच वेळचा आवाज शेजारी असतीलच असं नाही, दोघांत थोडं अंतर असतं. त्यामुळे पहिल्या फाइलच्या शेवटी अर्धवट राहिलेला तुकडा आणि दुसऱ्या फाइलच्या सुरुवातीचं सगळं, एकमेकांशिवाय निरर्थक. दुसरी फाइल स्वतंत्र उघडली तर प्रोग्राम पुढची पूर्ण फ्रेम मिळेपर्यंतचा भाग टाकून देऊ शकतो. सेकंदाचा काही हिस्सा, फार तर एखादा सेकंद.

एखाद्या नावाला तेवढंच लागतं.

स्टुडिओवाल्याने बहुतेक हेच केलं असणार. तीन फायली वेगवेगळ्या रूपांतरित केल्या आणि डीव्हीडीवर एकापुढे एक जोडल्या. त्याला दोष देत नाही. लग्नाच्या सीझनमध्ये आजोबांच्या भाषणातला हिसका कोण तपासणार? आणि कॅमेरा अमेरिकी, सेकंदाला साठ अर्ध्या फ्रेमवाला. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटच्या प्रकाशात त्याचं चित्र सतत लुकलुकतं, त्यामुळे एक हिसका त्यात खपून गेला असेल.

उपाय इतका सोपा आहे की चिडचिड व्हावी. रूपांतराच्या आधी तिन्ही फायली बाइटला बाइट लावून जोडायच्या. युनिक्सची पन्नासेक वर्षं जुनी कॅट ही आज्ञा, तीन नावं आणि एक बाण. ती चित्राचा, आवाजाचा काही विचारच करत नाही, नुसती एकामागे एक ओतते, आणि म्हणूनच इथे ती बरोबर. पाकिटांचा प्रवाह परत अखंड होतो. मग ती एकच फाइल एफएफएमपेगला द्यायची.

मी तसं केलं, आवाज वेगळा काढला, हेडफोन लावला आणि सोळाव्या मिनिटाच्या जरा आधी गेलो. मागे ताटं वाजताहेत, कुणाचं तरी पोर रडतंय. "ती भरली", आणि मग पहिल्यांदाच, अजिबात न अडखळता, एक बाईंचं नाव. वाड्यात समोरच्या खोलीत राहणाऱ्या, घरोघरी पोळ्या लाटून पोट भरणाऱ्या. त्या पोळ्या लाटत हे आजोबांनी त्याच भाषणात दहा मिनिटं आधी सांगितलं होतं, पण तो संबंध जोडायला कुणाकडे नावच नव्हतं. ते इथे लिहीत नाही, घरच्यांना कळलं तेवढं पुरे.

हेडमास्तर नाहीत, मामा नाहीत. रात्री आत्याला फोन लावला, ती तोवर परत गेली होती. तिने तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाली, "अरे, त्यांच्या हातच्या पोळ्या आम्ही खाल्ल्यात."

जोडलेली मूळ फाइल आता दोन डिस्कवर आहे. शिवाय एफएफव्ही१ ह्या काहीच न गमावणाऱ्या कोडेकमध्ये एक प्रत ठेवली, अभिलेखागारं वापरतात तो. त्याचं रीतसर वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालंय, म्हणजे उद्या एफएफएमपेग नसलं तरी कुणीतरी ते वाचून डिकोडर लिहू शकेल. बाबांना मात्र व्हॉट्सॅपवरच हवं होतं. तिथे ते पुन्हा एच.२६४ मध्ये दाबून गेलं, चित्राचा पार चिवडा झाला. नाव स्पष्ट ऐकू येतं.